जत्रेतला पाळणा: नातवंडांना बसवण्याआधी आणि स्वतः बसण्याआधी



आपल्या गावातल्या मोकळ्या मैदानावर एका रात्रीत ट्रक येऊन उभे राहतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेथे रंगीत दिवे लागतात, गाणी सुरू होतात आणि फिरता लुना पार्क तयार झालेला असतो. पेसाह आणि सुक्कोथच्या सुट्टीत, पुरिमला, योम हाअत्स्माउतच्या संध्याकाळी आणि उन्हाळ्यात शाळा बंद असताना हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. आई-बाप कामावर असतात, म्हणून नातवंडांचा हात धरून तेथे जाण्याचे काम बहुतेक वेळा आजी-आजोबांवर येते.

पाळणे आपल्याला नवीन नाहीत. कोकणातल्या जत्रेत चार माणसे हाताने फिरवीत तो लाकडी पाळणा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. मुंबईकरांना माहीमची आणि वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आठवत असेल. त्या लाकडी पाळण्याचा वेग माणसाच्या हाताचा होता. कुणी ओरडले की तो थांबे. आजचे पाळणे मोटारीवर आणि हवेच्या दाबावर चालतात, माणसाला उलटे करतात आणि काही क्षणांत आकाशातून खाली आणतात. म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजरही बदलायला हवी.

सुरुवातीलाच सांगते, हा लेख घाबरवण्यासाठी नाही. जगभर लाखो मुले या खेळांत बसतात आणि हसत उतरतात. पण जे अपघात होतात त्यांतले बरेच टाळता येण्यासारखे असतात आणि ते टाळण्यात तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीचाही वाटा असू शकतो.

फिरत्या खेळात वेगळे काय असते?

कायमच्या बागेतला पाळणा एका जागी सिमेंटच्या पायावर पक्का बसवलेला असतो. फिरता पाळणा दर थोड्या दिवसांनी सुटा होतो, ट्रकवर चढतो, खडबडीत रस्त्याने हादरे खात जातो आणि नव्या जमिनीवर पुन्हा जोडला जातो. प्रत्येक वेळी शेकडो बोल्ट, खिळी आणि पिना पुन्हा बसवाव्या लागतात. एखादी पिन राहून गेली किंवा तिच्या टोकाची कडी लावली नाही, तर ती फिरता फिरता बाहेर येऊ शकते. जमीन मऊ असेल, पाणी मुरलेले असेल किंवा उताराची असेल, तर एक पाय खचतो आणि सगळा भार एका बाजूला जातो.

दुसरी गोष्ट धातूची. लोखंडाची तार आपण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते. पाळण्याचा दांडा रोज हजारो वेळा ताण घेतो आणि सोडतो. त्यात आधी केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. पोकळ नळीत पावसाचे पाणी शिरले तर आतून गंज धरतो. बाहेरून मात्र रंग ताजा आणि चकचकीत दिसतो.

आपल्या वयाच्या बायकांना हे चटकन समजेल, कारण हाडांच्या ठिसूळपणाचे असेच असते. बाहेरून बाई धडधाकट, चालते-फिरते, स्वयंपाक करते. आतून हाड पोखरलेले असते. साधा पाय घसरला आणि खुबा मोडला की मग कळते. हाडांसाठी जशी घनतेची खास तपासणी लागते, तशीच धातूसाठी अल्ट्रासाउंड किंवा एक्स-रेची तपासणी लागते. नुसत्या नजरेने आतला गंज दिसत नाही.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना अमेरिकेतली. २६ जुलै २०१७ रोजी ओहायो राज्याच्या कोलंबस शहरात राज्याची मोठी वार्षिक जत्रा भरली होती. 'फायर बॉल' नावाचा, लंबकासारखा झुलत गरगर फिरणारा खेळ चालू असताना बैठकांची एक रांगच तुटून निघाली. अठरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेला आणि इतर सात जण जखमी झाले. त्याच दिवशी तपासनिसांनी तो खेळ पाहून चालवायला परवानगी दिली होती. यंत्र बनवणाऱ्या डच कंपनीने नंतर सांगितले की आधार देणाऱ्या दांड्याच्या आत फार गंज चढला होता आणि त्यामुळे धातूची जाडी धोकादायक होण्याइतकी कमी झाली होती. यंत्र तेव्हा सुमारे अठरा वर्षांचे होते. पुढे ओहायो राज्याने तपासणीचे नियम अधिक कडक केले. धडा हा की तपासणीचा कागद असलाच पाहिजे, पण कागद आहे म्हणून डोळे मिटून चालत नाही.

दुसरी घटना अहमदाबादची. कांकरियाचे नाव आपल्या समाजाला परके नाही. तेथले प्राणिसंग्रहालय आपल्याच बेने इस्राएल समाजाच्या रुबेन डेव्हिड यांनी उभे केले आणि १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच कांकरियाच्या परिसरात १४ जुलै २०१९ रोजी, रविवारच्या गर्दीत, लंबकासारखा झुलणारा मोठा पाळणा मधल्या दांड्यातून मोडून खाली आदळला. दोन जण मरण पावले आणि पंचवीसहून अधिक जखमी झाले. तो पाळणा फिरता नव्हता, एका जागी बसवलेला होता. धडा हा की पाळणा कायमचा असला तरी निगा नसेल तर तोही मोडतो. मग रोज सुट्या होणाऱ्या पाळण्याला किती निगा लागत असेल?

तिसरी गोष्ट आपल्या नातवंडांच्या अगदी जवळची आहे, कारण ती हवेने फुगवलेल्या किल्ल्याची आहे. आपल्याकडे मुले त्याला मितनापेख म्हणतात. शाळेच्या अंगणात, वाढदिवसाला, योम हाअत्स्माउतच्या मैदानावर तो असतोच. पाळण्यापेक्षा तो निरुपद्रवी वाटतो. मऊ रबरी कापड आणि हवा, त्याने काय होणार? पण २६ मार्च २०१६ रोजी इंग्लंडमध्ये हार्लो या गावी ईस्टरच्या जत्रेत असा किल्ला वाऱ्याने सुटला आणि मैदानावरून फरफटत गेला. आत असलेली सात वर्षांची मुलगी दगावली. किल्ला नीट बांधला नाही आणि वाऱ्याकडे लक्ष दिले नाही म्हणून २०१८ साली जत्रेतल्या दोघांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली.

तेवढ्यावर थांबले नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट येथे प्राथमिक शाळेत वर्षाअखेरचा आनंदमेळा होता. अचानक एक वावटळ आली, किल्ला उचलला गेला आणि सुमारे दहा मीटर उंचीवरून मुले खाली पडली. सहा मुले गेली. किल्ला लावणाऱ्या व्यक्तीवर खटला झाला. २०२५ साली न्यायालयाने, वावटळ आधी ओळखता येण्यासारखी नव्हती असे मानून, तिला निर्दोष ठरवले. म्हणजे दोष कुणाचा हे ठरो न ठरो, वारा उठला की मुलाला बाहेर घेणे हाच खरा उपाय.

मितनापेख: वारा आणि गर्दी

युरोप आणि इंग्लंडमधल्या नियमांप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की फुगवलेला किल्ला वापरू नये. काही किल्ल्यांना याहून कमी वेगाची मर्यादा असते. आपल्याजवळ वारा मोजायचे यंत्र नसते, पण झाडे असतात. पानांनी भरलेली लहान झाडे बुंध्यापासून डोलू लागली, तर वारा त्या मर्यादेजवळ आला आहे असे समजा आणि मुलाला हाक मारा. आपल्याकडे वसंत ऋतूत शरावचे वारे येतात, किनाऱ्यावर दुपारनंतर वारा वाढतो आणि नेगेवमध्ये धुळीची वावटळ कधीही उठते. दिमोना, बेर शेवा, अश्दोद या गावांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

किल्ला किती ठिकाणी बांधला आहे ते भोवती फिरून पाहा. निदान सहा ठिकाणी तरी दोर खुंटीला बांधलेले असावेत, आणि बनवणाऱ्याने जितक्या कड्या दिल्या असतील तितक्या सगळ्या वापरलेल्या असाव्यात. गवतावर लांब लोखंडी खुंट्या जमिनीत पूर्ण ठोकलेल्या हव्यात. डांबरी किंवा फरशीच्या अंगणात खुंटी ठोकता येत नाही, तेथे जड वजने लागतात. पाण्याचे दोन कॅन किंवा वाळूची छोटी पिशवी पुरत नाही. मोकळी लोंबणारी कडी दिसली तर चालकाला विचारा.

वाऱ्याने उडणे क्वचित घडते. रोज घडते ते मुलांची टक्कर. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे दिसले की २०१० साली तेथे दररोज सरासरी ३१ मुले अशा किल्ल्यांवरच्या दुखापतीसाठी तातडीच्या विभागात आणली गेली. हातपाय मोडणे आणि मुरगळणे हेच त्यात जास्त. कारण साधे आहे. बारा वर्षांचा मुलगा उडी मारतो तेव्हा शेजारचे चार वर्षांचे पोर हवेत फेकले जाते आणि मोठ्याच्या अंगाखाली सापडते. म्हणून लहान मुले वेगळी आणि मोठी वेगळी सोडायला सांगा. चष्मा, बूट, कानातले, तोंडातली गोळी किंवा च्युइंगम बाहेर काढा. कोलांट्या नकोत, भिंतीवर चढणे नको. पंखा बंद पडला आणि किल्ला खाली बसू लागला तर 'उड्या थांबव आणि दाराकडे ये' हे मुलाला आधीच शिकवून ठेवा. आणि ऑगस्टच्या दुपारी ते कापड हाताने चाचपून पाहा. तळपायाला आणि मांडीला भाजण्याइतके ते तापते.

तिकीट काढण्याआधी दहा मिनिटे

आल्या आल्या तिकीट काढू नका. पाण्याची बाटली उघडा, बाकावर बसा आणि तो खेळ दोन-तीन फेऱ्या नुसता पाहा. रुग्णाच्या खोलीत शिरल्यावर नर्स आधी नजरेने सगळे टिपते, मग नाडीला हात लावते. येथेही तसेच करायचे.

चालकाकडे पाहा. तो प्रत्येक बैठकीपाशी जाऊन पट्टा आणि अडसर स्वतःच्या हाताने ओढून पाहतो का? खेळ चालू असताना त्याची नजर बसलेल्यांवर आहे की मोबाइलवर? थांबवण्याचे बटण सोडून तो तिकिटे फाडायला जातो का? एकच माणूस दोन खेळ सांभाळत असेल तर तेथे न बसणे बरे.

यंत्राकडे पाहा. पट्ट्याच्या जागी दोरी, अडसराला तारेचा वेढा, तडा गेलेली बैठक, वेल्डिंगच्या जागी लालसर गंजाचे ओघळ, पायांखाली विटांची किंवा फळ्यांची डळमळती चळत, ही सगळी 'नको' म्हणण्याची कारणे आहेत. कान द्या. फेरीत एकाच जागी 'टक' असा आवाज किंवा धातू घासल्याचा किंचाळ येत असेल तर तोही इशारा आहे. खेळाभोवती कुंपण आहे का आणि फिरणारा पाळणा कुंपणापासून लांब आहे का तेही पाहा. जखमी होणाऱ्यांत खाली उभे राहून पाहणारेही असतात.

कागद विचारायला लाजू नका. या खेळाची तपासणी कधी झाली, परवाना आणि विमा आहे का, हे विचारणे आपला हक्क आहे. हिब्रू अडखळत असेल तर मुलाला किंवा नातीला विचारायला सांगा. चांगला चालक रागावत नाही, उलट कागद दाखवतो. काही धोकादायक दिसले तर इरियाच्या १०६ क्रमांकावर फोन करा. आपल्या एका फोनने दुसऱ्या कुणाचे तरी मूल वाचू शकते.

उंचीची पट्टी आणि आपली माया

दारावर उंचीची पट्टी असते. नातू दोन बोटे कमी भरतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि आजी चालकाला म्हणते, 'सोडा हो, धीट आहे तो.' येथेच आपली माया चुकते. ती पट्टी धीटपणा मोजत नाही. अडसर खांद्यावर नीट बसतो का, पाठ टेकते का, पाय पोचतात का हे ती मोजते. लहान शरीर अडसराखालून घसरून निघते. म्हणून पट्टीपुढे हुज्जत घालू नका, आणि मुलाला टाचा उंच करायला तर मुळीच शिकवू नका.

मुलगा घाबरून रडू लागला तर त्याला जबरदस्तीने बसवू नका. घाबरलेले मूल मध्येच उठायचा प्रयत्न करते आणि पुष्कळ वेळा तेच घातक ठरते. 'पाठ टेकून बस, दोन्ही हातांनी धर, पूर्ण थांबेपर्यंत उठू नकोस' ही तीन वाक्ये प्रत्येक वेळी सांगा.

घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याला हौस असते. हे सुरक्षित वाटते, पण नाही. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्याचे वजन मागून ढकलते आणि मुलाच्या नडगीचे हाड पिळले जाऊन मोडते. मूल एकटे घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही.

मुलींचे लांब केस घट्ट बांधून कपड्याच्या आत घ्या. ओढणी, साडीचा पदर, लांब झगा, मुलांच्या त्सित्सितचे धागे, टोपीच्या दोऱ्या हे सर्व फिरत्या भागात अडकू शकते. गो-कार्टमध्ये तर विशेष जपा. केस चाकाच्या दांड्यात गुंतले तर डोक्याची कातडीच ओढली जाते. अशी जखम एकदा पाहिली की विसरता येत नाही.

आता आपल्याविषयी

'आजी, तू पण चल ना!' असे नातीने म्हटले की सत्तरीतही हुरूप येतो. हौसेला मोल नसते, पण शरीराचा हिशेब वेगळा असतो.

जोराच्या वळणावर शरीराचे वजन तिपटीने वाढल्यासारखे होते. साठ किलोच्या बाईला तो भार एकशे ऐंशी किलोसारखा जाणवतो. आपले डोके साधारण साडेचार-पाच किलोचे, ते मानेला पंधरा किलोचे होते. तरुण मान हे पेलते. मणके झिजलेली मान पेलत नाही. ठिसूळ हाडांच्या बाईला नुसत्या झटक्याने पाठीचा मणका चेपू शकतो. जोराच्या झटक्याने मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्याच्या आणि मानेतल्या रक्तवाहिनीला चीर पडल्याच्या घटना वैद्यकीय लिखाणात नोंदलेल्या आहेत.

म्हणून पुढीलपैकी काही असेल तर वेगाचे, उलटे करणारे किंवा धडक देणारे खेळ टाळा: हृदयविकार, नुकताच घातलेला स्टेंट, ताब्यात नसलेला रक्तदाब, महाधमनीचा फुगवटा, पेसमेकर, फिट येणे, ठिसूळ हाडे, मानेचा किंवा कमरेचा आजार, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा आजार, मोतीबिंदूचे किंवा कुठलेही नुकतेच झालेले ऑपरेशन. काही खेळांत वेग देण्यासाठी आणि थांबवण्यासाठी जोराचे लोहचुंबक असतात, म्हणून पेसमेकरवाल्यांनी दारावरची सूचना वाचल्याशिवाय आत जाऊ नये. शंका असेल तर कुपत खोलिमच्या डॉक्टरांना विचारा. या प्रश्नाला कोणीही हसणार नाही.

चक्कर येणाऱ्यांनी गोल फिरणाऱ्या साध्या पाळण्यातही बसू नये. खेळ थांबतो, पण कानातला तोल लगेच थांबत नाही. त्यात रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उतरण्याची पायरी उंच, लोखंडी आणि कधी ओली असते. आपल्या वयात मोडलेला खुबा नुसता हाड मोडण्यावर थांबत नाही. पुष्कळांचे एकट्याने चालणे-फिरणे त्यात जाते. उतरताना घाई करू नका, कठडा धरा, अर्धा मिनिट बसून मग उठा. मैदानावर विजेच्या तारा पसरलेल्या असतात. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी बंद बूट घालून यावे आणि खाली पाहत चालावे. रांगेत तासभर जाऊ शकतो, म्हणून पाणी, खजूर किंवा बिस्किटे आणि वेळेची गोळी जवळ ठेवावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

हा भाग कृपया दोनदा वाचा. कौमाडिन, एलिक्विस, झारेल्टो, प्राडाक्सा यांसारख्या गोळ्या आपल्यापैकी पुष्कळ जण घेतात. या गोळ्या चालू असताना डोक्याला लागलेला साधा मारही साधा नसतो.

नोकरीत असताना पाहिलेली एक गोष्ट सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई नातवाबरोबर एकमेकांना धडकणाऱ्या विजेच्या गाडीत बसल्या. मागून धक्का बसला, कपाळ पुढच्या दांड्याला आपटले. छोटेसे टेंगूळ, रक्त नाही. त्या हसत घरी गेल्या, जेवल्या, झोपल्या. पहाटे मुलगी उठवायला गेली तर बोलणे जड झालेले आणि एक हात उचलेना. डोक्यात रक्त साठले होते. ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण पूर्वीसारखे बोलणे परत आले नाही. आणल्यावर आम्ही विचारले, काल दवाखान्यात का आला नाहीत? मुलगी म्हणाली, 'आई म्हणाली, एवढ्याशा टेंगळासाठी मुलांची सुट्टी कशाला बिघडवायची?'

या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. गोळ्यांची यादी पाकिटात ठेवा, शक्यतो हिब्रूत लिहिलेली. आपली बोलण्याची स्थिती नसेल तेव्हा तो कागद आपल्या वतीने बोलतो.

अपघात झालाच तर

मागेन दाविद आदोमचा क्रमांक १०१. आधी तो लावा. मैदानाचे नाव आणि कुठल्या दारापाशी आहात ते सांगा, आणि एक माणूस दारावर उभा करा, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दाखवता येईल.

उंचावरून पडलेल्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. आपल्याकडे पडलेल्याला चटकन उठवून बसवायची सवय आहे. मणक्याला मार असेल तर त्या मायेनेच कायमचे पांगळेपण येऊ शकते. जागेवर आग किंवा दुसरा धोका नसेल तर त्याला तसेच राहू द्या, डोके दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरा आणि बोलत राहा. श्वास चालत नसेल तर मात्र फोनवरचा माणूस सांगेल तसे छाती दाबणे लगेच सुरू करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मिनिटामिनिटाला उचलून पाहू नका. बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. मुलाचा पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता दुधात घालून तासाभरात दंतवैद्याकडे न्या.

मुलाच्या डोक्याला मार लागला असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, न थांबणारी डोकेदुखी, जागे करूनही न उठणे, फिट, असंबद्ध बोलणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव येणे, यांतले एकही दिसले तर क्षणाचाही उशीर नको.

नाही म्हणण्याची रीत

आपली पिढी 'सगळे बसतात, आपल्यालाच काय होणार?' असे म्हणत मोठी झाली. शिवाय नातवंडांना नाही म्हणणे जड जाते. मुलगा-सून म्हणतील आई फार भित्री, नातू रुसेल. रुसू द्या. रुसवा आईस्क्रीमने जातो.

पण नुसते 'नको' म्हणू नका, कारण दाखवा. नातवाला बरोबर घेऊन दोर मोजा, झाडे डोलतात का पाहा, चालक पट्टे तपासतो का ते त्यालाच सांगायला लावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही कामगिरी फार आवडते. उद्या तो मित्रांबरोबर जाईल, नंतर सैन्यातून सुट्टीवर आला की मैत्रिणीबरोबर जाईल, तेव्हा आपण शेजारी नसू. पाहण्याची सवय मात्र त्याच्याबरोबर असेल.

आपल्या मोआदोनची सहल अशा ठिकाणी ठरली तर हा अंक बरोबर न्या आणि बसमध्ये वाचून दाखवा. सर्वांचे सण आनंदाचे आणि सुखरूप जावोत.